काळजाचा फोटो

मराठी कवींनी काळजाची फार नासाडी केली. काळीज म्हटलं की त्यांना प्रेमच आठवतं. खाटकाला विचारा. काळीज म्हणजे लिव्हर, यकृत. उजव्या बरगड्यांखाली. तिथे कॅन्सर झाला तर सुरुवातीला बहुधा दुखत नाही, खुपत नाही. माणूस ओझी उचलत राहतो. पोटात पाणी भरतं, डोळे पिवळे होतात, तोवर बहुतेकांचा खेळ खलास.

म्हणून दोस्तांनो, आज कविता नाही. आज मशीनबद्दल बोलायचं.

सीटी स्कॅन बनवणारा गॉडफ्रे हाउन्सफिल्ड हा इंग्लंडमधल्या शेतकऱ्याचा पोर. विद्यापीठाची डिग्री नव्हती त्याच्याकडे. १९७१ साली त्याच्या मशीननं पहिल्यांदा जिवंत रोग्याच्या डोक्यात डोकावून पाहिलं, १९७९ साली त्याला नोबेल मिळालं. चाकू न लावता माणसाच्या आत बघता येऊ लागलं. ही विद्या कुणाच्या बापाची नाही.

आता काळजाचं गणित. आम्हा गोदीवाल्यांना ते झटकन कळतं, कारण माल कुठल्या गेटातून आला एवढंच बघायचं असतं. काळजाला रक्त दोन वाटांनी येतं. सुमारे तीन हिस्से आतड्याकडच्या शिरेतून, एक हिस्सा धमनीतून. कॅन्सरची गाठ मात्र मुख्यतः धमनीतूनच रक्त ओढते. हाताच्या शिरेत औषध सोडतात, फोटोत उजळ दिसणारं. सुमारे ३५ सेकंदांनी पहिला फोटो : गाठ चमकते, बाकी काळीज फिकं. ७० सेकंदांच्या आसपास दुसरा, तीन ते पाच मिनिटांनी तिसरा : आता काळीज उजळलेलं, गाठ काळवंडलेली. चोर सापडला. सिऱ्हॉसिस किंवा जुना हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ अशी वागली, तर बहुतेक वेळा सुईनं तुकडा काढायचीही गरज राहत नाही. इतरांचा तुकडा तपासावा लागतो. एमआरआयलाही हाच हिशेब लागू.

म्हणजे औषध न सोडता एकच फोटो काढला आणि 'झाला सीटी' म्हणून वाटेला लावलं, तर तो फोटो या कामाचा नाही. रिपोर्ट घेताना विचारा : तिन्ही वेळचे फोटो काढलेत का? विचारायला इंग्रजी लागत नाही.

विद्या अशी. आणि व्यवहार? आमच्या टोळीत एक माळकरी म्हातारा होता. थेंबाला शिवला नाही कधी. पोट फुगलं तेव्हा डॉक्टरचा पहिला सवाल : किती पितोस? वस्तीचा पत्ता वाचला, निदान झालं! हेपॅटायटिसची तपासणी लिहिली नाही. फोटो निघाला तेव्हा गाठ मुठीएवढी झाली होती.

दारू काळीज जाळते, मी तिची वकिली करत नाही. पण हेपॅटायटिस बी आणि सी रक्तातून येतात. एकाची सुई दुसऱ्याला टोचल्यानं, तपासणी न केलेल्या रक्तातून, आईकडून बाळाला. ते दारू विचारत नाहीत, जात विचारत नाहीत. विचारतो तो टेबलापलीकडचा माणूस. सरकारनं २८ जुलै २०१८ ला हेपॅटायटिसचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्यात तपासणी आणि औषध फुकट आहे. आपल्या किती वस्त्यांना हे ठाऊक आहे?

ज्याला सिऱ्हॉसिस आहे, त्याची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हावी, असं शास्त्र सांगतं. हेपॅटायटिस बी असलेल्या अनेकांनाही हेच लागू. दोन सेंटिमीटरची गाठ सुईनं जाळता येते, कापता येते. मुठीएवढी झाली की रस्ते बंद होत जातात. पण ओपीडी सकाळची आणि पाळीही सकाळची. सोनोग्राफी एका खाड्यात, सीटी दुसऱ्या खाड्यात, रिपोर्ट तिसऱ्या खाड्यात. तीन खाडे म्हणजे तीन दिवसांची चूल. आमचा माणूस आळशी नाही, अडाणी नाही. त्याला फोटोपर्यंत पोहोचूच दिलं जात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. सरकारी दवाखान्यात संध्याकाळची सोनोग्राफी. गाठ दिसली तर तिन्ही वेळांचा सीटी, तारखांवर तारखा न देता. आणि आपण काय करायचं? वस्तीत रक्ततपासणी लावायची. ज्यांच्यात रोग निघेल त्यांना डॉक्टरपर्यंत न्यायचं, सहा महिन्यांची तारीख वहीत लिहायची, त्या दिवशी त्यांच्यासोबत रांगेत उभं राहायचं.

कविता रांगेत उभं राहूनही सुचते.