टोमॅटो आज कितीवर उभे आहेत?

परभाषेच्या व्याकरणांत जें सांपडत नाहीं, तें भाजीबाजारांत सांपडतें. आपल्यांतील कांहीं घरचीं मुलें हल्लीं स्पॅनिश शिकूं लागलीं आहेत. म्हणून या महिन्यांत त्या भाषेंतील भावताव पाहूं.

स्पेनमध्यें किंमत पुसण्याच्या रीती अनेक. 'क्वांतो क्वेस्ता?' म्हणजे 'हें केवढ्याला पडतें?', 'क्वांतो वाले?' म्हणजे 'याचें मोल काय?' परंतु भाजी, फळें, मासळी यांचे भाव रोज चढतात-उतरतात. तेथें गृहिणी विचारते, 'आ क्वांतो एस्तान लोस तोमातेस?' पिशवी भरल्यावर एकूण रक्कम पुसावयाची ती मात्र 'क्वांतो एस?' या शब्दांनीं. त्या भाषेंत 'असणें' या अर्थाचे दोन धातु आहेत. चंचल भावास अवस्थादर्शक 'एस्तार' लागतो, तर बेरजेस 'सेर'. 'एस्तार' हा लॅटिन 'स्तारे'पासून, म्हणजे आपल्या 'स्था' धातूच्या कुळांतला. 'क्वेस्ता'चें मूळही तेंच. भाजी आज कोठें 'उभी' आहे, एवढाच काय तो प्रश्न! आमचा 'भाव' तरी 'भू' धातूचाच पुत्र नव्हे काय? महागास तेथें 'कारो' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचे अर्थ प्रिय आणि महाग असे दोन. आमचें 'महाग'ही 'महार्घ'पासून आलें, व 'अर्घ' म्हणजे मूल्य तसाच पूजेचा उपचार.

आतां नाण्यांची गोष्ट. १८६८ पासून तेथें पेसेता चाले. पांच पेसेतांच्या नाण्यास 'दुरो' म्हणत. २००२ सालीं युरोचीं नाणीं व नोटा आल्या आणि पेसेता गेला. तरी 'जवळ एक दुरोही नाहीं' असें लोक बोलतच राहिले. आपल्याकडे १९५७ सालीं दशमान नाणीं आलीं, तरी पंचवीस पैशांस 'चार आणे' म्हणणें कोठें सुटलें?

हा केवळ वृद्धांचा हट्ट, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. एक युरो म्हणजे १६६.३८६ पेसेता. शंभर पेसेतांचा जिन्नस एका युरोस विकला, तर तो सुमारें ६६ टक्क्यांनीं महागला. पण कानावर आंकडा पडला तो शंभराऐवजीं एकाचा! असल्या 'रेदोन्देओ'विषयीं, म्हणजे रक्कम पूर्णांकांत नेण्याविषयीं, तेव्हां स्पेनमध्यें पुष्कळ कुरकुर झाली. अशा वेळीं मनांतल्या मनांत जुना हिशेब मांडणारी आजीच घरची खरी खजिनदार ठरते. ज्या नाण्यांत आयुष्यभर मिळकत मोजली, त्याच नाण्यांत महागाई कळते.

म्हणून मुलांस परभाषा अवश्य शिकवा, पण त्याबरोबर पावकी, निमकी, दिडकीही घोकून घ्या. यंत्र बेरीज करील. भाव पटला कीं नाहीं, हें त्यास सांगतां येत नाहीं. स्पॅनिश लोक म्हणतात, 'लो बारातो साले कारो': स्वस्त घ्यावें, तें महागांत पडतें. हा अनुभव आमच्या वाचकभगिनींस नवा नाहीं.