नाताळचे ताट : पदार्थ सहा, हात अनेक

दिवाळीचे डबे रिकामे होतात न होतात तोच नाताळचे वेध लागतात. गोव्यात या दिवसांत घराघरांतून गोडधोडाची ताटे विणलेल्या रुमालाखाली झाकून शेजारीपाजारी जातात. या वाणाला तिथे ‘कोंसुआद’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज. पोर्तुगालमध्ये तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणासाठी वापरतात, गोव्यात मात्र तो मिठाईच्या ताटालाच चिकटला. मंगळूरकडे त्याचेच ‘कुस्वार’ झाले. वसई आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांतही अशीच ताटे सजतात.

हल्ली घरे लहान झाली आणि सुनालेकी नोकरीला जाऊ लागल्या. त्यामुळे अनेक घरांत बेकरीतून तयार खोका आणून ताटात रिकामा केला जातो. त्यात वाईट काही नाही. पण सारे कुटुंब एकत्र जमणार असेल, तर थोड्या आखणीने घरचे ताटही सहज होते. एकट्या गृहिणीने दहा पदार्थांचा घाट घालण्याची मात्र गरज नाही.

बारा माणसांसाठी सहा पदार्थ पुष्कळ झाले. प्रत्येकाचे पंधरा लहान तुकडे केले तरी माणशी सातेक तुकडे येतात. जेवणानंतर यापेक्षा जास्त गोड कोणी खात नाही. पदार्थ टिकाऊपणा पाहून निवडावेत. पेराड, म्हणजे पेरूची घट्ट वडी, सर्वांत जास्त टिकते, म्हणून ती पंधरा दिवस आधी करून ठेवावी. कुलकुल आठवडाभर आधी करावेत. हरभऱ्याची डाळ, खोबरे आणि साखर आटवून केलेले ‘दोस’ आणि खोबऱ्याच्या वड्या तीनचार दिवस आधी कराव्यात. आपल्या करंजीची सख्खी बहीण असलेली नेवरी दोन दिवस आधी तळावी. सहावा पदार्थ बेबिंका. अंड्याचा बलक, नारळाचे दूध, साखर, मैदा आणि तूप यांचे एकावर एक थर भाजायचे, तेही किमान सात, म्हणजे अर्धा दिवस मोडतो. तेव्हा ती खुशाल विकत आणावी. गोव्याच्या बेबिंकेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

कामे वाटून द्यावीत. पेराड एका जावेने, दोस दुसरीने, नेवऱ्यांचे सारण आजीने, असे ठरले की कोणावरच भार पडत नाही. कुलकुल मात्र सर्वांनी मिळूनच करावेत. ते काम एकट्याने करायला बसले तर संपता संपत नाही आणि दहा हात लागले तर गप्पांच्या नादात उरकते.

कुलकुल

साहित्य : मैदा 500 ग्रॅम, बारीक रवा 100 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, तूप 3 मोठे चमचे, चिमूटभर मीठ, लागेल तसे नारळाचे दूध, तळण्यासाठी तेल. पाकासाठी 1 वाटी साखर व पाव वाटी पाणी.

कृती : मैदा, रवा, पिठीसाखर व मीठ एकत्र करून त्यात कडकडीत तूप घालावे. नारळाचे दूध थोडे थोडे घालत घट्ट पीठ मळून तासभर झाकून ठेवावे. बोराएवढी गोळी घेऊन तेल लावलेल्या काट्याच्या पाठीवर दाबून पसरावी आणि एका कडेने गुंडाळत आणावी. मध्यम आचेवर बदामी तळावेत. आच मोठी झाली तर आत कच्चे राहतात. गार झाल्यावर घट्ट पाकात घोळवून पाक कोरडा होईपर्यंत हलवावे. यात अंडे नसल्याने शाकाहारी पाहुण्यांनाही चालतात. कोकणीत यांना ‘किडियो’, म्हणजे अळ्या, असेही म्हणतात. हे कळले की मुले दुप्पट उत्साहाने कामाला बसतात.

ताट मांडताना ओलसर पदार्थ मधोमध व कुरकुरीत कडेला ठेवावेत, मध्ये बटरपेपरची पट्टी घालावी. नाहीतर नेवऱ्या मऊ पडतात. गोडाचा वीट येऊ नये म्हणून भाजलेले काजू आणि संत्र्याच्या फोडी ठेवाव्यात. मधुमेह असलेल्यांनाही मग ताटाजवळ अवघडून बसावे लागत नाही. अंडे असलेला पदार्थ कोणता आणि काजूबदाम कशात आहेत, हे आधीच सांगून टाकावे.

ताट मांडण्यापूर्वी प्रत्येक पदार्थातला थोडा भाग बाजूला काढावा. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल, त्या घरातून नाताळची ताटे बाहेर जात नाहीत, असा रिवाज आहे. दिवाळीत दुखवट्याच्या घरी शेजारी फराळ नेऊन देतात, त्यामागे जी माया असते तीच इथेही दाखवता येते. अशा घरी ताट पाठवावे आणि ते भरून परत येण्याची वाट पाहू नये. शक्यतो ते कोणाच्या हाती न धाडता स्वतः घेऊन जावे आणि घटकाभर बसावे. त्या घराला मिठाईपेक्षा त्या घटकाभर सोबतीचीच गरज जास्त असते.