लष्करी अधिकारी व्हायचे, पण कशासाठी?

मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'ची माहिती देण्यासाठी कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंग या दोन महिला अधिकारी देशासमोर आल्या. त्याच महिन्याच्या अखेरीस खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. अशा घटनांनंतर महाविद्यालयीन तरुणांना लष्करी गणवेशाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच. दक्षिण आणि मध्य मुंबईतील तरुणांसाठी तर लढाई ही केवळ दूरच्या सीमेवरची गोष्ट उरलेली नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर प्राण देऊन अजमल कसाबला जिवंत पकडून दिले आणि 'ताज'मध्ये मेजर संदीप उन्नीकृष्णन यांना वीरमरण आले. प्रश्न प्रेरणेच्या अभावाचा नाही. ती कशावर उभी आहे आणि तिला वाट कोण दाखवतो, हा खरा प्रश्न आहे.

कारण गरज मोठी आहे. भूदलात आठ हजारांहून अधिक अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याची माहिती केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये राज्यसभेत दिली होती. दुसरीकडे, महाराष्ट्रातून जवान मोठ्या संख्येने जातात, अधिकारी मात्र त्या मानाने थोडे, ही खंत जुनीच आहे. जनरल अरुणकुमार वैद्य, जनरल मनोज नरवणे, एअर चीफ मार्शल अनिल टिपणीस अशी नावे अभिमानाने घेतली जातात. पण शिखरावरच्या नावांनी पायथ्याची दरी भरून निघत नाही.

या दरीचे मूळ काही प्रमाणात इतिहासात आहे. रत्नागिरी, सातारा या ज्या जिल्ह्यांनी परळ-लालबागच्या गिरण्यांना कामगार दिले, त्यांनीच पलटणींना शिपाई दिले. गिरणी काय किंवा पलटण काय, दोन्हींकडे पोटासाठीच जावे लागे. पण पलटणीने पोटाबरोबर आणखीही काही दिले. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर ते परळच्या चाळीत राहिले आणि तेथेच त्यांनी भीमराव या आपल्या मुलाच्या शिक्षणाचा ध्यास घेतला. १८९० च्या दशकाच्या आरंभी महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा एका समाजाची केवळ रोजीच नव्हे, तर शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची वाटही अडली. ती पुन्हा खुली व्हावी म्हणून दीर्घकाळ प्रयत्न झाले आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. पोट आणि मान या दोन प्रेरणा या भागात कधीच वेगळ्या नव्हत्या.

हे लक्षात घेतले, तर आजच्या विद्यार्थ्याने संकोच बाळगण्याचे कारण नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील असंख्य घरांनी स्थिर उत्पन्न हरपल्याचे दुःख सोसले आहे. अशा घरातील मुलाला लेफ्टनंटचे दरमहा ५६,१०० रुपयांचे मूळ वेतन, निवास आणि सन्मान यांचे आकर्षण वाटले, तर त्याची देशभक्ती उणी ठरत नाही. उणीव असते ती उसन्या प्रेरणेत. चित्रपटातील संवाद आणि समाजमाध्यमांवरील चित्रफिती यांवर पोसलेली ऊर्मी निवड मंडळासमोर फार काळ टिकत नाही.

सेवा निवड मंडळाची पाच दिवसांची प्रक्रिया नेमकी हीच पारख करते. मानसशास्त्रीय चाचणीत एकापाठोपाठ ६० शब्द दाखवले जातात आणि प्रत्येक शब्दावर वाक्य लिहिण्यासाठी १५ सेकंद मिळतात. एवढ्या वेळात पाठ केलेली भाषा फार साथ देत नाही. मैदानावर फळी, दोर आणि पिंप घेऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. तेथे सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यापेक्षा गट पुढे नेणारा उजवा ठरतो. मुलाखतीत 'देशसेवा करायची आहे' एवढे उत्तर पुरत नाही. देशसेवा शिक्षकही करतो, परिचारिकाही करते. मग लष्करच का, हा पुढचा प्रश्न असतो.

याचे उत्तर द्यायला लागणारे भांडवल या वस्तीत आहे. गणेशोत्सवात लालबागची गर्दी सांभाळणारा कार्यकर्ता, दहीहंडीच्या थरात खालच्या फळीचा भार पेलणारा गोविंदा, पावसाळ्यात हिंदमाता परिसर तुंबल्यावर लोकांना वाट काढून देणारा विद्यार्थी, हे सारे जबाबदारीचे धडे गिरवतच असतात. मात्र त्याकडे नेतृत्वाचा अनुभव म्हणून पाहायला त्यांना कोणी शिकवत नाही.

दुसरी उणीव माहितीची. २०२२ मध्ये आलेली चार वर्षांची अग्निवीर भरती आणि पदवीधरांसाठीची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा यांतील फरक अनेक पालकांना ठाऊक नसतो. ही परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पदवीच्या अखेरच्या वर्षातही देता येते. राष्ट्रीय छात्र सेनेचे 'सी' प्रमाणपत्र किमान 'बी' श्रेणीत मिळवलेल्या पदवीधराला विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेविना थेट निवड मंडळासमोर जाता येते. राज्य सरकारने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली; पण ती दहावीनंतरच्या मुलांसाठी. पदवीधरांना नाशिक रोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात निवड मंडळाची तयारी विनामूल्य करता येते. दादर-परळच्या किती महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर त्याची जाहिरात झळकते?

अर्थात, गणवेशाची किंमतही विद्यार्थ्याला आधीच कळायला हवी. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले आणि दोनच वर्षांत त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः अधिकारी झाल्या. तो निर्णय क्षणिक भावनेचा नव्हता. काय गमवावे लागते हे पुरते ठाऊक असतानाही तो घेतलेला होता. महाविद्यालयांनी केवळ वीरगाथांची व्याख्याने भरवून थांबू नये. सेवेतील आणि निवृत्त अधिकाऱ्यांना बोलावून बदल्या, कुटुंबापासूनचा दुरावा आणि अल्पमुदतीच्या सेवेनंतरचे आयुष्य यांवरही मोकळेपणाने बोलू द्यावे. ते ऐकूनही जो विद्यार्थी अर्ज भरेल, त्याच्या प्रेरणेविषयी निवड मंडळालाही फारशी शंका उरणार नाही.