ऋण किंमत अग्राह्य?

गोंदिया जिल्ह्यात धानाच्या शेतात चारही बाजूंनी बांध घालून पाणी अडवतात. अशा तुकड्याला बांधी म्हणतात. समजा, एका बांधीची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त असून क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आहे. रुंदी क्ष मीटर मानल्यास

क्ष² + ५क्ष − ३०० = ०
(क्ष + २०)(क्ष − १५) = ०

दोन संख्यांचा गुणाकार शून्य असेल, तर त्यांपैकी निदान एक शून्य असलीच पाहिजे. अवयव पाडण्याच्या रीतीचे सारे बळ यातच आहे. म्हणून क्ष = −२० किंवा १५.

यापुढे बहुतेक वह्यांत ठरावीक वाक्य येते : 'ऋण किंमत अग्राह्य.' हे वाक्य केवळ सवयीने लिहिणे म्हणजे गणित अर्ध्यावर सोडणे होय, असे माझे मत आहे. −२० ने समीकरणाचे समाधान होतेच. समीकरणाला बांधी ठाऊक नसते; ती तुम्हाला ठाऊक असते. रुंदी ऋण असू शकत नाही, हे कारण तुम्ही द्यायचे असते.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लिहिलेल्या 'बीजगणित' या ग्रंथात वानरांची दोन उदाहरणे आहेत. त्यांची रीत वर्ग पूर्ण करण्याची होती. आपण अवयव पाडू.

पहिले उदाहरण : कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी वानरे वनात खेळत आहेत, उरलेली १२ टेकडीवर आहेत. यावरून (क्ष − १६)(क्ष − ४८) = ०. येथे १६ आणि ४८ ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

दुसरे उदाहरण : कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली, एक बाहेर दिसते. यावरून (क्ष − ५०)(क्ष − ५) = ०. भास्कराचार्यांनी ५० घेतले, ५ सोडले. ५ तर धन संख्या! मग का सोडली? पाचाचा पाचवा भाग १. त्यातून ३ वानरे वजा कशी करणार?

म्हणजे उत्तर घ्यायचे की सोडायचे हे चिन्हावरून ठरत नाही, प्रश्नावरून ठरते. शिक्षकांनीही 'अग्राह्य' या शब्दापुढे 'का?' असे विचारावे आणि त्या कारणाला गुण द्यावेत.

आता हे सोडवा : दोन क्रमागत पूर्णांकांचा गुणाकार ३०६ आहे, तर ते पूर्णांक कोणते? येथे ऋण किंमत सोडाल का?