हा आकडा कधीचा?



यंदा गणपतीत आपल्या हॉलमध्ये थर्माकोलच्या डोंगराऐवजी निळ्या जॉर्जेटच्या चार पट्ट्या टांगलेल्या होत्या. "हे काय वाळत घातलंय?" असं निदान दहा जणांनी मला विचारलं. म्हणून आज त्याचीच गोष्ट.

अमेरिकेत सॅन होजेच्या विमानतळावर २०१० मध्ये 'ईक्लाउड' नावाचा एक ढग टांगला गेला. त्यातले प्लास्टिकचे चौकोनी तुकडे जगभरच्या शहरांतल्या त्या क्षणीच्या हवामानानुसार पारदर्शक किंवा धूसर व्हायचे. मला वाटलं, आपण तापी टांगू या.

चार पट्ट्या म्हणजे मुलताई, भुसावळ, प्रकाशा आणि सुरत. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली तापी ७२४ किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. खान्देशात पडलेला पाऊस हतनूर आणि उकाई धरणांतून आपल्या दारात येतो. दर दहा मिनिटांनी इंटरनेटवरून त्या त्या गावचा पाऊस घ्यायचा. कोरडं असेल तर पट्टी गुडघ्याइतकी उंच, पाऊस वाढला की मोटर तिला वर ओढणार. कोड माझा, शिवण आईची.

तिसऱ्या दिवशी एका छोट्याने भुसावळच्या आजीला व्हिडिओ कॉल लावला. आजी म्हणाली, "अरे, इथे धो धो चालू आहे!" भुसावळची पट्टी मात्र गुडघ्याशीच, पंख्याच्या वाऱ्यावर छान झुलत होती.

पाहिलं तर हॉलचं वायफाय पाऊण तासापूर्वीच गेलेलं. चूक माझी. नवा आकडा आला नाही तर जुनाच धरून ठेवायचा, असं मीच लिहिलं होतं. देखावा बिघडलेला दिसू नये म्हणून.

त्या रात्री मला ऑगस्ट २००६ आठवला. मी दहावीत होतो, आम्ही अडाजणला तळमजल्यावर राहायचो. उकाईतून सोडलेलं पाणी शहरात शिरत होतं. लाइट गेली, टीव्ही बंद, फोन बंद. बाबा म्हणाले, "काही बातमी नाही, म्हणजे काही नसेल." आम्ही झोपलो. जाग आली तेव्हा पाणी पलंगाला लागलं होतं. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकींनी पुढचे चार दिवस आम्हाला सांभाळलं.

मी कोड बदलला. वीस मिनिटांत नवी माहिती आली नाही, तर चारही पट्ट्या जमिनीवर पडतात आणि शेजारचा दिवा विझतो. समितीतल्या एका काकांना ते पटलं नाही. "बाप्पापुढे असं लोळणारं कापड बरं दिसत नाही रे." त्यांचं म्हणणं खरंच होतं. तरी मी तसंच ठेवलं. विसर्जनापर्यंत पट्ट्या दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा मुलं धावत आली, "दादा, नेट गेलं!" मला हेच हवं होतं.

तेव्हा दोस्तांनो, पावसाळ्यात फोनवर धरणाची पातळी बघाल तेव्हा आधी ती कधीची आहे ते बघा. वेळ दिलेली नसेल, तर कुणाला तरी फोन करून विचारा.

पट्ट्या सध्या आईच्या कपाटात आहेत. पुढच्या वर्षी उकाईच्या पातळीची पाचवी पट्टी लावायची आहे. सोल्डरिंग येणाऱ्यांनी आणि शिकायचं असणाऱ्यांनीही मला जरूर भेटावं.