चेंबर घासण्याआधी काडतूस मोजा

रायफलची गोळी सुटली की पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते. दाब उतरला की पितळ आकसते आणि पुंगळी मोकळी होते. पण चेंबरमध्ये रीमरच्या रेघा राहिल्या, गंज धरला किंवा माप तंग झाले, तर ती अडकते. मग कारागीर होनिंगचा दगड हाती घेतो. त्याआधी त्याने कॅनडाच्या रॉस रायफलची हकिगत ऐकावी. सिलिंडर आणि बुशचे होनिंग करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंनाही ती उपयोगी पडेल.

सर चार्ल्स रॉस यांचा कारखाना क्वेबेक शहरात होता. पहिल्या महायुद्धात कॅनडाची फौज हीच रायफल घेऊन युरोपात उतरली. नेम अव्वल, पण चेंबर तंग. कॅनडातली काडतुसे त्यात बिनतक्रार बसत. आघाडीवर मात्र ब्रिटिश कारखान्यांचा, युद्धाच्या घाईत ढिल्या मापाने काढलेला माल आला. एप्रिल १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत रायफली तापल्या आणि पुंगळ्या अडकल्या. बोल्ट सरळ मागे ओढायचा. पुंगळी आधी पिळून सैल करण्याची ताकद त्यात कमी. शिपाई बुटाच्या टाचेने बोल्ट ठोकू लागले. हजारावर जणांनी ती रायफल टाकून ब्रिटिश ली-एनफिल्ड उचलली.

रॉसचे समर्थक म्हणत, काडतूस खराब. आम्हाला ही सबब पटत नाही. दोन्ही फौजांचे काडतूस नावाला एकच, .३०३. मित्राच्या फौजेचा माल आपल्या हत्यारात जाणार, हे आधीच धरायला हवे होते.

पुढे रीमरने चेंबर मोठे केले. तरी तक्रार मिटली नाही, कारण बोल्टचे मागचे आटे अडणीवर आदळून चेपत होते. अशा वेळी चेंबर कितीही घासा, काय उपयोग? उलट रेघा जाण्यापुरते न घासता माप वाढवले, तर पुंगळी जास्त फुगते, कधी फाटतेही. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक दुरुस्त करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.)

१९१६ मध्ये कॅनडाच्या पायदळाकडून ही रायफल काढून घेतली. कारखाना १९१७ मध्ये सरकारने ताब्यात घेतला. दबा धरून, सावकाश एकेक गोळी झाडणाऱ्या नेमबाजांनी मात्र ती पुढेही सोडली नाही.