सर, आमचं लग्न लावाल का?

दोन वेगळ्या श्रद्धांच्या मुलामुलीने लग्न ठरवलं की चर्चा एकाच ठिकाणी अडकते : कोण कोणाचा धर्म घेणार? दोघांनाही आपापला धर्म ठेवायचा असेल, किंवा एकाला कोणताच विधी नको असेल, तर लग्न लावायचं कुणी, हे कुणी विचारत नाही.

कायद्याने वाट केव्हाच काढली आहे. 1872च्या विवाह कायद्यात आपण अमुक अमुक धर्म मानत नाही असं लिहून द्यावं लागे. 1954च्या विशेष विवाह कायद्याने ती अट काढली. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं वाक्य. तेही दोघांना समजेल त्या भाषेत. बाकी सोहळा कोणत्या पद्धतीने करायचा हे कायदा जोडप्यावर सोडतो. जादा फी भरली तर अधिकारी कचेरीबाहेर, जवळपासच्या ठिकाणीही येऊ शकतो.

आपल्या लोकांना हे परकं वाटायचं कारण नाही. निकाह म्हणजे तरी काय? इजाब-कबूल, मेहेर आणि गवाह. काझीसाहेब असतात ते रीत म्हणून. त्यांच्यावाचून निकाह अडत नाही. आणि महात्मा फुल्यांनी 1873मध्ये सत्यशोधक समाज काढला, त्याच वर्षी भटजीविना लग्नही लावून दाखवलं.

प्रत्यक्षात काय होतं? कचेरीत सह्या, एक फोटो, पेढे, संपलं. नानीला आणि आजीला लग्न झालंसं वाटतच नाही. मग गुपचूप निकाह, नंतर हॉलमध्ये मंगलाष्टकं, आणि प्रत्येक ठिकाणी एक घर तोंड फिरवून बसलेलं. तुराबुल हक साहेबांच्या उरुसात परभणीतली दोन्ही घरं एकाच गर्दीत चालतात. मांडवात मात्र त्यांना एकत्र बसवणारा कुणी नसतो.

स्कॉटलंडमध्ये मानवतावादी संस्थांची माणसं हेच काम करतात, आणि 2005पासून त्यांनी लावलेलं लग्न तिथे कायदेशीर धरतात. ते आधी जोडप्याशी बसून बोलतात, कुणाच्या घरात काय दुखतं ते विचारतात, मग त्या दोघांपुरता सोहळा लिहितात. मय्यतीलाही तेच येतात.

मय्यतीचा प्रश्न तर लग्नाहून अवघड. लग्नाला तीस दिवस मिळतात, मरणाला एक रात्र. हमीद दलवाईंनी निकाह केला, पुढे विशेष विवाह कायद्याने नोंदणीही केली. 3 मे 1977ला ते गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे कोणत्याही धार्मिक विधीविना दहन झालं. मी जनाज्याची नमाज पढणारा माणूस आहे; मला तसं नको. पण ज्याने आयुष्यभर स्पष्ट सांगितलं, त्याच्यावर मेल्यानंतर आपली मर्जी लादणं मला बेइमानी वाटते.

हे काम करणारी माणसं आपल्याकडे तयारच आहेत. शोकसभा असो, निरोप समारंभ असो, शादीतला सत्कार असो, माईक शाळेतल्या सरांच्या नाहीतर मॅडमच्या हातात येतो. उर्दू-मराठी दोन्ही येणारे आम्ही तर हमखास सापडतो. जिंतूर, पाथरी, गंगाखेडला असे दोघे-दोघे शिक्षक तयार झाले तरी पुष्कळ. त्यांनी अधिकाऱ्याची जागा घ्यायची नाही, काझीसाहेबांचीही नाही. कायद्याचं वाक्य अधिकाऱ्यासमोर होईल. आधीचं आणि नंतरचं, दोन्ही घरांना कळेल अशा भाषेत, हे बोलतील. आईला दुआ मागायची असेल तर मागू द्यावी, आजोबांना अभंग म्हणायचा असेल तर म्हणू द्यावा. आमीन म्हणायची सक्ती कुणावर नको.

"हा धर्म बुडवायचा उद्योग," असं कुणी म्हणेलच. ज्यांना निकाह हवा त्यांचा निकाह कुठेही जात नाही.

मात्र एक गोष्ट या शिक्षकांनी पहिल्याच भेटीत सांगायला हवी. या कायद्याने लग्न केलं की मुसलमानाचा वारसा शरीयतप्रमाणे नाही, भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे वाटला जातो. मुलीच्या बापाला आणि मुलाच्या भावांना ते सह्यांच्या आधी कळलेलं बरं.